कांद्याचा वाफा आणि राखणीची किंमत

ढोकीचें शिवार काळ्या जमिनीचें. तेरणेच्या खोऱ्यांतील या गांवाचें नांव बाहेरच्या लोकांस तेथील साखर-कारखान्यामुळें आणि कुर्डुवाडी-लातूर लोहमार्गामुळें माहीत झालें. पण गांवाचा जुना संसार ज्वारी, तूर, हरभरा आणि विहिरीच्या पाण्यावरचा एखादा बागाइती तुकडा यांवरच चालत आला आहे. त्या बागाइती तुकड्यांत कांद्याचे दोन-चार वाफे असावयाचेच. बियाण्यासाठीं राखलेले गोट-कांदे दिवाळीच्या सुमारास सरींत बसवावयाचे आणि मार्गशीर्ष-पौषांत रोपें उपटून वाफ्यांत लावावयाचीं, हा क्रम ठरलेला. लागण झाली, पाणी दिलें, आणि माणसें घरीं परतलीं, कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं कित्येक रोपें आडवीं पडलेलीं दिसावीं, गोट उघडे होऊन इकडे-तिकडे विखुरलेले असावेत, आणि खाल्लेलें मात्र त्यांत फारसें कांहीं नसावें, हा अनुभव कांदा लावणाऱ्या कोणत्याहि गृहस्थास नवा नाहीं.

हें कृत्य कोणाचें? कांदा हें पाखरांचें अन्न नव्हे. त्याच्या उग्रपणामुळें बहुतेक पाखरें त्याला एकदां चोंच लावून सोडून देतात. तरीहि तीं वाफ्यांत उतरतात, याचीं कारणें दोन आहेत. नुकत्याच भिजलेल्या भुसभुशीत मातींत किडे, अळ्या व गांडुळें सहज सांपडतात, आणि साळुंकी, कावळा, तित्तिर, मोर ही सारी मंडळी त्यांच्या शोधांत माती उकरूं लागते. मूळ न धरलेलें रोप त्या उकरण्यांत निघून येतें. दुसरें असें कीं, गोट-कांद्याच्या मानेचा वाळका शेंडा मातीबाहेर डोकावत असला म्हणजे पाखराला तो काडीसारखा किंवा किड्यासारखा दिसतो. तें त्याला ओढतें, निरुपयोगी ठरल्यावर टाकून देतें, आणि शेजारच्या शेंड्याकडे वळतें. शेजाऱ्याच्या कोंबड्यांचें वर्तनहि याहून वेगळें नसतें. शेळी पात खाते. साळिंदर आणि रानडुक्कर हीं मात्र रात्रीं येतात, आणि तीं कंदासाठींच जमीन खणतात.

म्हणजे पाखरांपासून कांद्याला जें भय आहे तें मूळ धरीपर्यंतच्या आठ-दहा दिवसांचें. तेवढे दिवस गेले कीं तीच साळुंकी त्याच वाफ्यांतील अळ्या टिपून मालकावर उपकार करीत असते. शत्रु आणि मित्र हीं येथें दोन पाखरें नव्हेत. एकाच पाखराचे ते दोन काळ आहेत. पिकाच्या राखणीचा सारा प्रश्न या लहानशा उदाहरणांत सांठवलेला आहे. त्या आठ-दहा दिवसांत वाफ्याच्या कडेला कोणी तरी बसलें पाहिजे. तें कोणी बसावें, आणि त्याच्या बसण्याची किंमत कोणी द्यावी? आमच्या मतें राखणीचा इतिहास म्हणजे या प्रश्नाला निरनिराळ्या काळांनीं दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

सर्वांत जुनीं उत्तरें शास्त्रग्रंथांत सांपडतात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गांवाभोंवतीं शंभर धनुष्यें रुंदीची मोकळी जागा गुरांसाठीं सोडावी असें सांगितलें आहे. त्या जागेंत कोणी पीक घेतलें, त्याला कुंपण केलें नाहीं, आणि गुरांनीं तें खाल्लें, तर राजानें गुराख्याला दंड करूं नये, असाहि निर्णय तेथेंच दिला आहे. कुंपण कसें असावें? उंटाला त्यावरून पलीकडचें दिसूं नये इतकें उंच, आणि कुत्र्याचें किंवा डुकराचें तोंड शिरेल असें एकहि छिद्र त्यांत राहूं नये. नियम लिहिणाऱ्यानें डुकराचें मुसंडी मारणें चांगलें पाहिलें असलें पाहिजे. येथें राखणीचा भार मालकावर टाकलेला आहे.

कौटिल्याचें अर्थशास्त्र याहून एक पाऊल पुढें जातें. राजाच्या शेतीवर देखरेख ठेवणाऱ्या सीताध्यक्षाचीं कर्तव्यें सांगतांना त्यांत मळ्यांच्या आणि वाड्यांच्या राखणदारांचा उल्लेख गुराखी, दास व मजूर यांच्या बरोबरीनें केलेला आहे. त्यांना त्यांच्या पोष्यवर्गाच्या मानानें अन्न द्यावें आणि वर महिना सव्वा पण वेतन द्यावें, असा तेथें स्पष्ट नियम आहे. राखण हें काम आहे, त्यांत माणसाचा वेळ जातो, आणि ज्याचा वेळ जातो त्याच्या घरचीं माणसें उपाशी राहतां कामा नयेत, इतका विचार त्या रुक्ष वाक्यांत केलेला आहे. पुढील इतिहास पाहतां हा विचार फार काळ टिकला असें म्हणवत नाहीं.

शास्त्रांतून काव्याकडे वळलें म्हणजे राखणदार दिसतो, पण त्याचें वेतन दिसेनासें होतें. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत उसाच्या सावलींत बसून भाताची राखण करणाऱ्या स्त्रिया रघूचें यश गातात. आपल्या प्रांताशीं अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे महाराष्ट्री प्राकृतांतील गाथासप्तशती. सातवाहन राजा हाल याच्या नांवावर असलेला हा संग्रह ज्या पैठणच्या राजकुलाशीं जोडला जातो, त्या पैठणाहून दहा दिवसांच्या वाटेवर पूर्वेस ‘तगर’ नांवाची मोठी पेठ असल्याची नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तांत आहे. तें तगर म्हणजे ढोकीच्या शेजारचें तेर होय, असें फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादन केलें आणि पुढील उत्खननांनीं त्याला बळकटी आणली. तेव्हां गाथांतील शेतें म्हणजे आमच्याच बाजूचीं शेतें असें मानण्यास हरकत नाहीं. त्यांत शाळीच्या उभ्या पिकाचा आडोसा आहे, तागाच्या वाड्या आहेत, आणि आकाशांतून खालीं उतरणारी पोपटांची रांगहि आहे. ती रांग कवीला रत्नांच्या दागिन्यासारखी वाटली. ज्याच्या कणसांवर ती उतरत होती त्याला ती तशी वाटली असेल काय, हें कवीनें विचारलें नाहीं.

तें विचारणारा कवि आम्हांस सतराव्या शतकांत भेटतो. संतांच्या मांदियाळींत शेतमळ्याशीं नातें असणारे पुष्कळ. ढोकीपासून पश्चिमेस माढें तालुक्यांतील अरण येथें १२९५ सालीं समाधिस्थ झालेल्या सावता माळ्यांनीं तर कांद्या-मुळ्यांतच विठाई पाहिली. पण राखणीचा बारकावा जाणणारा अभंग तुकोबांचा. सुगीला आलेल्या शेताचे चारी कोपरे सांभाळावे, गोफणींत गुंडा घालून फिरवावा, आगटी पेटवावी, आणि एकाच जागीं न बसतां जागा पालटीत राहावें, असा उपदेश त्यांत केला आहे. अर्थ परमार्थाचा असला तरी तपशील कुणब्याचा आहे. जागा पालटण्याची सूचना विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. राखणदार कोठें बसतो हें पाखरें दोन दिवसांत ओळखतात, ही गोष्ट माळ्यावर बसलेल्या माणसालाच कळते.

आणि गंमत अशी कीं, ज्यानें असा अभंग लिहिला त्याच्याच राखणीची फजिती अठराव्या शतकांत महिपतीनें सांगितली आहे. एका शेतकऱ्यानें धान्य ठरवून तुकोबांस शेत राखण्यास बसविलें. पाखरें आलीं, त्यांच्या ठायीं देव पाहणाऱ्या तुकोबांना त्यांना हांकवेना. मालक परत आला तों शेत खाल्लें गेलेलें. तो त्यांना गांवच्या अधिकाऱ्यांपुढें घेऊन गेला, नुकसानीची भरपाई लिहून घेतली गेली, आणि पुढें देवाच्या कृपेनें अपेक्षेहून कितीतरी अधिक धान्य त्या शेतांत निघालें. चमत्काराचा भाग बाजूस ठेवला तरी कथेची चौकट खऱ्या व्यवहाराची आहे. राखणदार मोलानें ठेवावा, मोल धान्यांत ठरावें, आणि कसूर झाल्यास गांवानें न्याय करावा, ही रीत ऐकणाऱ्यांना परिचयाची असल्याखेरीज कथा रंगली नसती.

याच कथेचें दुसरें रूप आम्हांस परक्या देशांतील एका कादंबरींत आढळतें. थॉमस हार्डी यांच्या १८९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ या कादंबरीचा नायक लहानपणीं दिवसाला सहा पेन्स मजुरीवर शेतांतील पाखरें हांकण्याचें काम करतो. त्यालाहि पाखरांची दया येते, तो हातांतील वाजविण्याचें लांकूड खालीं ठेवतो, आणि मालकाचा मार खाऊन काम गमावतो. त्या मुलासाठीं कोणताहि देव धांवून येत नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडांत पाखरें हांकण्याच्या कामावर खरोखरीच गरिबांचीं मुलें असत, आणि १८८० सालीं शिक्षण सक्तीचें झाल्यानंतर तीं हळूहळू शेतांतून शाळेंत गेलीं. कथा दोन, पण प्रश्न एकच: पाखराची भूक, मालकाचें पीक आणि राखणदाराची भाकर या तिहींचा मेळ कसा बसवावा?

आमच्या खेड्यांनीं तो मेळ बसविण्यासाठीं जीं साधनें वापरलीं तीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. चार मेढी रोवून वर उभारलेला माळा, मातंग बलुतेदारानें वळलेल्या अंबाडीच्या किंवा तागाच्या दोरीची गोफण, रिकामा डबा आणि त्यावर मारावयाचें टिपरूं, बाभळीच्या शिऱ्यांचें किंवा बोराटीचें कुंपण, आणि बुजगावणें. जनावर बुजतें त्या बुजण्यावरून हा शब्द बनला. काळ्या मडक्याचें डोकें, त्यावर चुन्याचे ठिपके, अंगांत फाटका सदरा, असा हा खोटा माणूस पिकाची दृष्टहि काढतो अशी समजूत आहे. पण या साऱ्या साधनांकडे नीट पाहिलें तर तीं एका गोष्टीचींच निरनिराळीं रूपें आहेत असें दिसेल. गोफण हा राखणदाराचा लांब केलेला हात, डबा हा त्याचा मोठा केलेला आवाज, बुजगावणें ही त्याची सावली. मूळ माणूस अधूनमधून तरी वाफ्यावर दिसत असेल तोंवरच या सावलीला पाखरें भितात. तो येईनासा झाला कीं कावळा बुजगावण्याच्या खांद्यावर येऊन बसतो. म्हणूनच पोकळ भीतीला मराठींत बुजगावणें म्हणतात.

हा मूळ माणूस कोण असे? गांवाच्या शिवेची आणि खळ्यांची राखण करणाऱ्या जागल्याला आणि वेसकराला त्यांचे हक्क होते. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत बलुत्याच्या या व्यवस्थेचें, तिच्यांतील अन्यायांसह, विस्तृत वर्णन आहे. पण कांद्याच्या वाफ्यासाठीं किंवा दोन एकर ज्वारीसाठीं वेगळा राखणदार ठेवणें सामान्य कुणब्यास परवडणारें नव्हतें. तेथें घरांतील ज्याच्या वेळेला पैशांत किंमत नव्हती तो बसे. म्हातारा आजा बसे, लेकुरवाळी सून बसे, आणि बहुधा सात-आठ वर्षांचें मूल बसे. पाखरांची धाड सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वींच्या प्रहरांत असते. मधल्या वेळांत त्याच मुलानें गुरें पाहावीं. कौटिल्यानें ज्याला अन्न आणि सव्वा पण देऊं केलें होतें त्याच्या जागीं बिनपगारी मूल येऊन बसलें होतें.

या गोष्टीकडे ज्यांनीं सरकारचें लक्ष वेधलें ते जोतीराव फुले होत. १८८२ सालीं हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें अशी मागणी केली, आणि गरीब शेतकऱ्यांचीं मुलें शाळेंत टिकत नाहींत याचें कारणहि सांगितलें. आईबापांना तीं गुरें वळण्यासाठीं आणि शेतें राखण्यासाठीं हवीं असतात, म्हणून नुसत्या शाळा उघडून भागणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. राखणीची खरी किंमत कोण देत होतें हें या निवेदनांतून जितकें स्पष्ट दिसतें तितकें इतरत्र क्वचितच दिसेल. माळ्यावरच्या गाण्यांची आणि हुरड्याच्या दिवसांची आठवण गोड खरी. पण त्या माळ्यावर बसलेल्या मुलाची पाटी कोरी राहिली, हेंहि त्याच आठवणींत नोंदवून ठेवलें पाहिजे.

पुढील शंभर वर्षांत हें चित्र पालटलें. १९४८ पर्यंत हा मुलुख हैदराबाद संस्थानांत होता. नंतर तो १९५६ सालीं मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. गांवोगांव शाळा झाल्या, आणि २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचें शिक्षण हा कायद्यानें हक्क ठरला. मूल माळ्यावरून उतरलें, आणि उतरलें हें फार चांगलें झालें. तरणीं माणसें पुण्या-मुंबईकडे गेलीं. त्याच काळांत ज्वारीच्या जागीं ऊस वाढला, आणि बारा महिने उभ्या राहणाऱ्या उसाच्या दाटींत रानडुकरांना आयता निवारा मिळाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें काळवीट, मोर इत्यादिकांच्या शिकारीस आळा घातला. जवळच येडशीच्या रामलिंग घाटांत अभयारण्य झालें. यांतील प्रत्येक गोष्ट आपापल्या परीनें इष्टच होती. परंतु राखणदार गेला आणि येणारे वाढले, हा त्या साऱ्यांचा मिळून झालेला परिणाम वाफ्याच्या मालकाला एकट्यानें सोसावा लागला. नुकसानभरपाईचे सरकारी नियम आहेत; पण उपटलेल्या दोन वाफ्यांसाठीं कचेरीच्या पायऱ्या झिजवणें कोणास परवडतें?

अशा वेळीं माणसाचें मन सोप्या उपायाकडे धांवतें. सर्वांत सोपा उपाय म्हणजे येणाऱ्यालाच नाहींसें करणें. त्याचें फळ काय मिळतें हें चीन देशानें जगाला दाखविलें. १९५८ सालीं तेथें उंदीर, माश्या व डांस यांच्या जोडीस चिमणीलाहि शत्रु ठरविण्यांत आलें. लोकांनीं थाळ्या-ढोल बडवून चिमण्यांना खालीं बसूं दिलें नाहीं, आणि असंख्य चिमण्या थकून मेल्या. मग किडींना मोकळें रान मिळालें, पिकांचें नुकसान वाढलें, आणि १९६० सालीं चिमणीचें नांव त्या यादींतून काढून तेथें ढेकणाचें घालावें लागलें. थाळी वाजविणें हें राखणीचेंच साधन होतें; पण राखण ठराविक जागीं, ठराविक मुदतीपुरती असते. ती मर्यादा सुटली कीं तिचा संहार होतो.

दुसरा सोपा उपाय आमच्याच शिवारांत दिसतो. कुंपणाच्या तारेंत घरगुती विजेचा प्रवाह सोडण्याचा प्रकार महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं घडतो. हा गुन्हा आहे हें ठाऊक असूनहि तो घडतो, आणि त्यांत डुकराबरोबर शेजारचा शेतकरी, रात्रीं पाणी द्यायला निघालेला मजूर, कधीं स्वतः मालकहि प्राणास मुकतो. मनूच्या कुंपणानें डुकराचें तोंड अडविलें. या तारेला तोंड आणि हात यांतील भेद कळत नाहीं. वाफ्यावर बसण्याचे चार तास वांचविण्यासाठीं ही किंमत मोजली जाते. राखणदाराच्या वेळेचा हिशेब कोणी तरी चुकता करावाच लागतो. एके काळीं तो अन्न-वेतनानें चुकता होई, नंतर मुलाच्या पाटीनें झाला, आणि आतां तो प्राणांनीं होऊं पाहत आहे.

मग कांद्याच्या धन्यानें करावें काय? आम्हांस वाटतें, जुन्या राखणीतील मुदतीचें तत्त्व येथें उपयोगी पडतें. गोट लावतांना मानेचा वाळका शेंडा खुडावा आणि कांदा शेंड्यासह मातीखालीं जेमतेम झांकेल असा बसवून वरून माती दाबावी. ओढायला कांहीं दिसलेंच नाहीं तर पाखरूं ओढणार काय? वाफ्यावर तुराट्या किंवा बोराटीच्या फांद्या विरळ पसराव्या, अथवा बारीक जाळी ताणून बांधावी, आणि मुळें धरलीं कीं तीं काढून टाकावीं, म्हणजे अळ्या वेंचणाऱ्या साळुंकीला वाट मोकळी होते. बुजगावणें ठेवावयाचें तर दर दोन दिवसांनीं त्याची जागा पालटावी. तुकोबांची सूचना अजून जुनी झालेली नाहीं. रात्रींच्या डुकरांसाठीं क्षणमात्र झटका देऊन सोडणारें, जीव न घेणारें सौर कुंपण आतां मिळतें. परंतु तें एकट्या वाफ्याभोंवतीं परवडत नाहीं. चार शेजाऱ्यांनीं मिळून शिवेला घालावें लागतें. आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास आठ-दहा दिवस बसण्यासाठीं कोणी मोलानें ठेवला, तर ती मजुरी लागणीच्या खर्चांत उघडपणें धरावी. बियाण्याचा, पाण्याचा आणि खताचा खर्च आपण मांडतों. राखणीचा मात्र कोणी मांडीत नाहीं, कारण शतकानुशतकें तो घरांतल्याच कोणी तरी निमूटपणें भरला आहे.

धाराशिव-लातूरकडे मार्गशीर्षी अमावस्येस वेळा अमावस्येचा सण होतो. कडब्याची कोप उभारून सारें घर त्या दिवशीं शेतांत जेवतें, आणि पिकाभोंवतीं फिरून आंबिलाचें शिंपण करतें. वर्षांतून एक दिवस कां होईना, पिकाला घरच्या माणसांचा वावर दाखविण्याची ही रीत आहे. तिच्या मुळाशीं कोणती श्रद्धा आहे तें असो. शेताच्या कडेनें माणूस फिरला पाहिजे, एवढें तर ती खचित सांगते. त्याच सुमारास ढोकीच्या वाफ्यांत कांद्याची नवी लागण मूळ धरीत असते, आणि झाडावरच्या साळुंक्या खालीं उतरण्याची वेळ पाहत असतात.